पेशींच्या आधी पाणी पोहोचतं: इम्प्लांट, कल्चर डिश आणि लेन्सच्या पृष्ठभागाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशी वाढवायला नुकतीच सुरुवात केलेले विद्यार्थी, दातांचे इम्प्लांट बसवणारे डॉक्टर आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारी मंडळी यांचे प्रश्न वरवर वेगवेगळे वाटतात. पण थोडं खोलात गेलं की ते सगळे एकाच ठिकाणी येऊन मिळतात: घन पदार्थावर बसलेल्या पाण्याच्या अतिशय पातळ थरापाशी. हा थर दिसत नाही, म्हणून तो विसरला जातो. मला मात्र हा सगळा विषय तिथूनच सुरू होतो असं वाटतं. पुढची उत्तरं त्याच क्रमाने लिहिली आहेत.

पेशी पदार्थाला चिकटते, मग मध्ये पाणी कुठून आलं?

पेशी पदार्थाला थेट चिकटतच नाही. टायटॅनियमचा स्क्रू जबड्यात गेला किंवा प्लास्टिकच्या डिशमध्ये मीडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रावण, ओतलं, की पहिल्या काही नॅनोसेकंदांत पाण्याचे रेणू पृष्ठभागावर बसतात. त्यांच्यामागून सोडियम, क्लोराइड, कॅल्शियमसारखे आयन येतात. प्रथिनं काही सेकंदांपासून मिनिटांच्या अवधीत पोहोचतात. पेशी सर्वांत शेवटी, कित्येक मिनिटांनी किंवा तासांनी येते. ती येते तेव्हा तिच्यासमोर टायटॅनियम किंवा डिशचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, उरलेलं नसतं, असतो तो प्रथिनांचा थर. पेशी तोच चाचपते आणि त्यावरून बसायचं की नाही हे ठरवते.

आता प्रथिनं कोणती बसणार, किती बसणार आणि कशी बसणार, उभी की आडवी, घडी राखून की मोडून? यातलं बरंच काही आधी येऊन बसलेल्या पाण्यावर ठरतं. प्रथिनाला पृष्ठभागाशी जवळीक करायची तर मधलं पाणी हटवावं लागतं. पाणी सहज हटलं तर एक गोष्ट घडते, हटलं नाही तर दुसरी.

हा पाण्याचा थर केवढा असतो?

पाण्याचा एक रेणू सुमारे ०.३ नॅनोमीटरचा. पृष्ठभागाचा ठळक प्रभाव साधारण पहिल्या दोन-तीन रेणूंच्या थरांवर असतो, म्हणजे जेमतेम एक नॅनोमीटर. जेकब इस्राएलाश्विली आणि रिचर्ड पॅशली यांनी १९८३ मध्ये अभ्रकाचे दोन गुळगुळीत पृष्ठभाग पाण्यात एकमेकांजवळ आणत त्यांच्यातलं बल मोजलं. ते सरळ रेषेत वाढत नव्हतं. सुमारे ०.२५ नॅनोमीटरच्या अंतराने खालीवर होत होतं, कारण पाणी एकेक थर करून बाहेर पडत होतं. मला हा प्रयोग फार आवडतो. पाण्याला थर असतात हे त्यात जवळजवळ बोटाने मोजल्यासारखं कळतं.

काही पृष्ठभागांवर पाणी पसरतं, काहींवर थेंब राहतो. त्याचा इथे काय संबंध?

थेट संबंध आहे. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्याला स्पर्शकोन म्हणतात. थॉमस यंगने १८०५ मध्ये मांडलेला विचार आजही वापरात आहे. स्वच्छ काचेवर पाणी पसरतं, कोन शून्याच्या जवळ जातो. टेफ्लॉनवर तो ११० अंशांच्या आसपास असतो. अळूच्या पानावर तर १५० अंशांच्याही वर, म्हणून तिथे पाणी मोत्यासारखं गोल होऊन घरंगळतं. ‘अळवावरचं पाणी’ हा वाक्प्रचार आपण क्षणभंगुर गोष्टींसाठी वापरतो. त्यामागे पानावरचे मेणाचे सूक्ष्म उंचवटे आणि त्यांच्या फटींत अडकलेली हवा आहे. थेंब पानाला फार कमी जागी टेकलेला असतो.

पाणी धरणाऱ्या पृष्ठभागावर ऑक्सिजन, हायड्रॉक्सिल किंवा विद्युतभारित गट असतात, आणि पाण्याचे रेणू त्यांच्याशी हायड्रोजन बंध करतात. पाणी झटकणाऱ्या पृष्ठभागाकडे असा हात पुढे करणारं कोणी नसतं. तिथले पाण्याचे रेणू आपापसातलेच बंध सांभाळत, थोडे अवघडून बसलेले असतात.

पाणी झटकणाऱ्या पृष्ठभागाला प्रथिनं जास्त चिकटतात असं वाचलं. उलट नको का व्हायला? प्रथिनं तर पाण्यात विरघळतात.

प्रश्न अगदी रास्त आहे. प्रथिन पाण्यात राहतं ते स्वतःला घडी घालून. त्याच्या साखळीतली तेलकट स्वभावाची अमिनो आम्लं पोटात दडलेली असतात, पाण्याशी जमणारी बाहेर. असं प्रथिन पाणी झटकणाऱ्या पृष्ठभागाजवळ गेलं, की तिथे अवघडून बसलेले पाण्याचे रेणू सुटून मोकळ्या पाण्यात मिसळू शकतात. त्या सुटकेने एन्ट्रॉपी, म्हणजे रेणूंची मोकळीक, वाढते. चिकटण्यामागची मोठी ताकद हीच आहे. पृष्ठभाग प्रथिनाला ओढतो असं म्हणण्यापेक्षा पाणी त्या दोघांना एकत्र ढकलतं असं म्हणणं जास्त खरं आहे.

एकदा टेकलं की प्रथिनाची घडी सैल होते. पोटातला तेलकट भाग पृष्ठभागाला लागतो, साखळी पसरते, आणि मग ते सहसा सुटत नाही. रक्तातल्या फायब्रिनोजेनचं असं झालं की एरवी झाकलेली स्थळं उघडी पडतात. रक्तातल्या प्लेटलेट त्यांना ओळखून चिकटतात आणि गुठळीची सुरुवात होऊ शकते. म्हणूनच रक्ताशी संबंध येणाऱ्या उपकरणांत किती प्रथिन बसलं यापेक्षा कोणत्या अवस्थेत बसलं हे जास्त महत्त्वाचं ठरतं.

आई दूध तापवण्याआधी पातेलं पाण्याने विसळायची. त्यातही हेच आहे का?

तंतोतंत हेच नाही, पण नातं जवळचं आहे. दूध तापताना बुडाशी सर्वांत गरम थर असतो. तिथे बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे उलगडू लागतं आणि कॅल्शियम फॉस्फेटसह स्टीलला चिकटतं. पातेल्यात आधीच पाणी असलं तर निदान सुरुवातीला दूध कोरड्या धातूला थेट भिडत नाही. ते पाणी पुढे दुधात मिसळून जातं, त्यामुळे त्याला नॅनोमीटरच्या थराशी एकरूप मानू नका. पण धातू आणि प्रथिन यांच्यामध्ये पाणी असावं हे आपल्या स्वयंपाकघरांनी ओळखलं होतं, याचं मला मनापासून कौतुक आहे.

मग पाणी जितकं जास्त धरेल तितका पृष्ठभाग चांगला?

कशासाठी चांगला, ते आधी सांगा. प्रथिनं आणि पेशी दूर ठेवायच्या असतील तर हो, बऱ्याच अंशी. पॉलिएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पेग, याच्या साखळ्या पाणी इतकं धरून ठेवतात की प्रथिनाला ते हटवून आत शिरणं महाग पडतं. झ्विटरआयनी पॉलिमर त्याहून घट्ट धरतात. त्यांच्या प्रत्येक घटकावर धन आणि ऋण दोन्ही भार शेजारी असतात, एकूण भार शून्य, आणि दोन्हींभोवती पाणी असतं. आपल्या पेशींच्या आवरणातलं फॉस्फोरिलकोलिन हे याच जातीचं. जपानमध्ये काझुहिको इशिहारा आणि सहकाऱ्यांनी त्याची नक्कल करून एमपीसी पॉलिमर घडवले.

हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने २००१ मध्ये अनेक पृष्ठभाग तपासून प्रथिनांना थारा न देणाऱ्यांची चार लक्षणं सांगितली: पाण्याशी जमणारा, हायड्रोजन बंध स्वीकारणारा, हायड्रोजन बंध देणारा नव्हे, आणि विद्युतदृष्ट्या उदासीन. यालाही अपवाद निघाले, पण सुरुवातीची चाळणी म्हणून मी आजही तीच सांगतो.

पेशी वाढवायच्या असतील तर मात्र हेच गुण अडचणीचे ठरतात. पेशी ज्यांना धरतात ती फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन ही प्रथिनं बसलीच नाहीत तर पेशीने धरायचं कशाला? उलट टोकाला, पाणी फार झटकणाऱ्या पृष्ठभागावर प्रथिन भरपूर बसतं पण मोडक्या अवस्थेत. अनेक पॉलिमरांवरच्या प्रयोगांत पेशी सर्वांत चांगल्या बसल्या त्या मधल्या पट्ट्यात, स्पर्शकोन साधारण ५५ ते ७० अंश असताना. अर्विन व्होगलर यांनी तर १९९८ मध्ये मांडलं की जलस्नेही आणि जलविरोधी यांची खरी सीमा पुस्तकातल्या ९० अंशांवर नसून ६५ अंशांच्या आसपास आहे, कारण पाण्याची रचना तिथे पालटते. मला हा युक्तिवाद पटतो. फक्त ६५ हा मंत्र करू नका. सारख्याच कोनाचे दोन पृष्ठभाग भार, खडबडीतपणा आणि मऊपणा वेगळा असल्याने अगदी निराळे वागतात.

रक्तात एवढी प्रथिनं असतात. पहिलं कोण बसतं?

जे जास्त संख्येने आहे आणि चपळ आहे ते. लॅब रिपोर्टवर अल्ब्युमिन १०० मिलिलिटरमागे ३.५ ते ५ ग्रॅम असं दिसतं. फायब्रिनोजेन त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतं. म्हणून अल्ब्युमिन लवकर जागा पकडतं. पण पृष्ठभागाशी जास्त जमणारी मोठी प्रथिनं मागून येऊन त्याला हटवतात, आणि त्यांनाही पुढे कोणी हटवतं. फायब्रिनोजेनची जागा बऱ्याच ठिकाणी हाय मॉलिक्युलर वेट किनिनोजेन हे रक्तातलंच दुसरं प्रथिन घेतं. या अदलाबदलीला व्रोमन परिणाम म्हणतात.

लिओ व्रोमन हे नेदरलँड्समध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत काम केलेले रक्तशास्त्रज्ञ, आणि डच भाषेतले नामवंत कवीही. १९६२ मध्ये त्यांनी दाखवलं की रक्तातली प्रथिनं बसल्यावर पाणी झटकणारा पृष्ठभाग ओला होऊ लागतो, आणि पाणी धरणाऱ्याचा ओलेपणा कमी होतो. म्हणजे प्रथिन बसलं की पृष्ठभागाचं पाण्याशी असलेलं नातंच बदलतं, आणि पुढचा पाहुणा त्या नव्या नात्यावर येतो.

माझ्या पेशी डिशला चिकटतच नाहीत. गोल होऊन तरंगतात. काय चुकतंय?

आधी डिश बघा. साधी, जीवाणू वाढवण्याची पेट्री डिश आणि टिश्यू कल्चर डिश दिसायला सारखीच, दोन्ही पॉलिस्टायरीनच्या. पण कोऱ्या पॉलिस्टायरीनचा स्पर्शकोन ९० अंशांच्या जवळपास असतो. टिश्यू कल्चर डिशवर प्लाझ्मा (रक्तातला नव्हे, विद्युतभारित वायू) किंवा कोरोना ही विद्युत प्रक्रिया करून पृष्ठभागात ऑक्सिजनचे गट घातलेले असतात, त्यामुळे कोन खाली येतो. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेतून आणलेल्या पेशी एका नवख्या हाताने साध्या पेट्री डिशमध्ये टाकलेल्या मी पाहिल्या आहेत. दोन दिवस त्या मुलीने मीडियमला दोष दिला. पेशी ठणठणीत होत्या, त्यांना पाय ठेवायला जागा नव्हती.

डिश बरोबर असेल तर सीरम, म्हणजे मीडियममध्ये घातलेला रक्ताचा गुठळी काढलेला द्रव, बघा. सीरममधलं व्हिट्रोनेक्टिन आणि फायब्रोनेक्टिन हे पेशीचे पकडण्याचे आकडे. पेशीच्या आवरणातली इंटेग्रिन नावाची प्रथिनं त्यांच्यातल्या आर-जी-डी या तीन अमिनो आम्लांच्या तुकड्याला धरतात. हा तुकडा पिअर्शबाखर आणि रुओस्लाहती यांनी १९८४ मध्ये दाखवून दिला. सीरमशिवाय काम करत असाल तर डिशवर फायब्रोनेक्टिन, कोलॅजन किंवा पॉली-लायसिन आधी लावावं लागेल. लावल्यावर ते लॅमिनार फ्लोच्या, म्हणजे गाळलेली हवा सोडणाऱ्या कपाटाच्या, वाऱ्यात विनाकारण वाळू देऊ नका. प्रथिनाभोवतीचं पाणी गेलं की त्याची घडी बिघडू शकते. उत्पादकाने वाळवायला सांगितलं असेल तेवढ्याच ठिकाणी वाळवा.

पेशी न दुखावता डिशमधून सोडवता येतात का?

येतात, आणि तेही फक्त थंड करून. पॉली-एन-आयसोप्रोपाइलअक्रिलअमाइड नावाचा पॉलिमर ३२ अंश सेल्सिअसच्या वर पाणी सोडून आक्रसतो, खाली आला की पाणी पिऊन फुगतो. जपानमध्ये तेरुओ ओकानो यांच्या गटाने त्याचा पातळ थर डिशवर बसवला आणि १९९० मध्ये त्यावरचं काम प्रसिद्ध केलं. ३७ अंशांवर पेशी बसतात, वाढतात. डिश २० अंशांवर आणली की पृष्ठभागात पाणी शिरतं आणि पेशींची अख्खी चादर, खालच्या प्रथिनांसकट, अलगद सुटते. एरवी पेशी सोडवायला वापरतात ती ट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमची कात्री लागत नाही. पाणी चिकटणं ठरवतं याचा याहून सुंदर पुरावा मला माहीत नाही.

काही दंत इम्प्लांट सलाइनमध्ये बुडवलेले येतात. हा जाहिरातीचा भाग आहे का?

नाही, त्यामागे खरं विज्ञान आहे. पण फायदा किती आणि कधीपर्यंत हे नीट समजून घ्यायला हवं.

स्वीडनमध्ये पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियम हाडाशी एकजीव झालेलं आढळलं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला दातांचे इम्प्लांट बसवले. टायटॅनियमवर हवेत आपोआप काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर तयार होतो, शरीराला भेटतो तो हाच. ताजा, स्वच्छ ऑक्साइड पाणी विलक्षण धरतो, कोन शून्याच्या जवळ. त्यावर हायड्रॉक्सिल गट असतात, शरीरातल्या द्रवात त्याच्यावर थोडा ऋणभार येतो, आणि कॅल्शियम मध्ये पूल बनून प्रथिनांना जोडतो.

गोची अशी की हवेत नेहमीच थोडे हायड्रोकार्बन असतात. ते या ऑक्साइडवर बसत जातात, आणि काही आठवड्यांत तोच पृष्ठभाग पाणी झटकू लागतो. खडबडीत केलेल्या इम्प्लांटवर हा परिणाम आणखी वाढतो. तिथे कोन १३० अंशांच्या वर जाऊ शकतो, बारीक खाचांत हवा अडकते आणि रक्त आत शिरत नाही. अळूच्या पानावरची युक्ती इथे नको त्या ठिकाणी लागू पडते. डब्यात निर्जंतुक असलेला इम्प्लांट रासायनिकदृष्ट्या म्हातारा झालेला असू शकतो, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा झोप उडाली होती.

म्हणून काही उत्पादक इम्प्लांट नायट्रोजनखाली धुऊन थेट सलाइनमध्ये बंद करतात. पाण्याचा थर सुटूच द्यायचा नाही, ही कल्पना. दुसरा मार्ग म्हणजे बसवण्याआधी अतिनील प्रकाश किंवा प्लाझ्मा देऊन हायड्रोकार्बन काढणं.

फायदा किती? डॅनिएल बूसर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये छोट्या जातीच्या डुकरांच्या वरच्या जबड्यात तुलना केली. २ आठवड्यांनी हाडाशी संपर्क पाणी धरणाऱ्या पृष्ठभागावर सुमारे ४९ टक्के होता, नेहमीच्या पृष्ठभागावर २९. ४ आठवड्यांनी ८२ आणि ६७. ८ आठवड्यांनी दोघांत दखल घेण्याजोगा फरक उरला नव्हता. म्हणजे लाभ वेगाचा आहे. लवकर दात लावायचा असेल तर त्याला अर्थ आहे. चार महिने थांबायची तयारी असलेल्या, चांगल्या हाडाच्या रुग्णाने केवळ यासाठी जास्त पैसे मोजावेत असं मी म्हणणार नाही. इम्प्लांटला हातमोज्याने किंवा कापसाने स्पर्श करू नये, डबा आधीच उघडून ठेवू नये, हे मात्र सगळ्याच इम्प्लांटना लागू आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

कॉन्टॅक्ट लेन्समध्ये तर पाणीच पाणी असतं. तरी ती चिकट का होते?

ओट्टो विख्टर्ले यांनी १९६१ च्या नाताळात प्राग इथल्या घरी मुलांच्या मेर्कुर या जोडणीच्या खेळण्याच्या भागांपासून यंत्र जोडून पहिल्या मऊ लेन्स ओतल्या. त्या हायड्रोजेलमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ पॉलिमरमध्ये, सुमारे ३८ टक्के पाणी असतं. नुसतं पाणी असून प्रथिनं टळत नाहीत, भारही मोजावा लागतो. अश्रूंतलं लायसोझाइम धनभारित आहे. ऋणभारित, भरपूर पाण्याच्या लेन्समध्ये ते मोठ्या प्रमाणात शिरतं, पण बरंचसं आपल्या मूळ घडीत राहतं. सिलिकॉन हायड्रोजेलवर ते कितीतरी कमी बसतं, मात्र बसलेल्यातला मोडलेला वाटा जास्त असतो आणि मेदही चिकटतात. म्हणून लेन्स बोटाने चोळून द्रावणाने धुवा आणि ठरलेल्या दिवशी बदला. नळाचं पाणी लेन्सला कधीही लावू नका. त्यात अकँथअमिबा हा सूक्ष्म जीव असू शकतो आणि त्याचा डोळ्याचा संसर्ग फार वाईट असतो.

हृदय शस्त्रक्रियेत रक्त बाहेरच्या यंत्रातून फिरवतात. तिथे गुठळ्या का होत नाहीत?

मुख्य कारण हेपारिन, रक्त गोठू न देणारं औषध. जोडीला नळ्या आणि रक्तात ऑक्सिजन घालणाऱ्या ऑक्सिजनेटरवरचे लेप. त्यातल्या पीएमईए या लेपावर मासारू तानाका यांनी बरंच काम केलं. त्यांच्या मते पॉलिमरमधलं पाणी तीन प्रकारचं: शून्याजवळ गोठणारं मोकळं, अजिबात न गोठणारं घट्ट बांधलेलं, आणि मधलं, जे थंड करून पुन्हा तापवताना शून्याच्या बरंच खाली गोठतं. हे मधलं पाणी असलेल्या पृष्ठभागांवर प्लेटलेट कमी बसतात असं त्यांना दिसलं.

म्हणजे खास रचना दिलेलं पाणी आरोग्याला चांगलं, असं ‘स्ट्रक्चर्ड वॉटर’ विकणारे म्हणतात ते खरं आहे तर?

नाही, अजिबात नाही. पृष्ठभागावरच्या पाण्याची रचना त्या पृष्ठभागामुळे असते. तिथून निघालेला रेणू मोकळ्या पाण्यात गेला की जुनी मांडणी पिकोसेकंदांत विसरतो. बाटलीत भरून, यंत्रातून काढून किंवा तांब्यात ठेवून ती रचना पोटापर्यंत नेता येत नाही. खऱ्या, कष्टाने मिळवलेल्या विज्ञानाची भाषा उचलून आजारी माणसांना हजारो रुपयांची यंत्रं विकली जातात, याचा मला संताप येतो. घरात कोणी घ्यायच्या विचारात असेल तर त्यांना थांबवा.

शिनाणे समुद्राच्या पाण्यात खडकाला कसे चिकटतात मग?

कोकणातल्या आणि गोव्यातल्या खडकांवरचे शिनाणे, म्हणजे शिंपल्यांतले मसल, हा प्रश्न रोज सोडवतात. त्यांच्या धाग्यांच्या टोकाच्या प्रथिनांत डोपा नावाचं अमिनो आम्ल खूप असतं आणि शेजारी धनभारित लायसिन. खडकावर पाण्याबरोबर क्षारांचे आयनही बसलेले असतात. लायसिन त्यांना बाजूला सारतं, आणि मोकळ्या झालेल्या जागी डोपा खडक पकडतं. ओल्या जखमेवर चालणारा डिंक बनवणाऱ्यांनी हीच जोडी उचलली आहे.

कॉलेजच्या प्रकल्पात महागड्या उपकरणांशिवाय काय करता येईल?

स्पर्शकोन मोबाइलने मोजता येतो. काचेची पट्टी साबणाने धुऊन डिस्टिल्ड पाण्याने खळबळा. सिरिंजने ५ मायक्रोलिटरच्या आसपासचा थेंब ठेवा, मागे पांढरा कागद आणि दिवा, कॅमेरा थेंबाच्या अगदी समपातळीत. फोटोवरून कोन इमेज-जे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काढा. प्रत्येक पट्टीवर किमान पाच थेंब घ्या.

मग तीच पट्टी आणि पॉलिस्टायरीनच्या पेट्री डिशचा तुकडा अंड्याच्या पांढऱ्याच्या पातळ द्रावणात अर्धा तास ठेवा, डिस्टिल्ड पाण्यात तीनदा हलकेच बुडवा, धुळीपासून झाकून सुकवा आणि पुन्हा मोजा. दोन्ही कोन कोणत्या दिशेला सरकले ते लिहा आणि व्रोमनच्या १९६२ च्या निष्कर्षाशी ताडून बघा. एक पट्टी प्रथिनाशिवाय, नुसती आठवडाभर कपाटात ठेवून रोज मोजा. हवेने काच कशी बदलते ते त्या एका आलेखात दिसेल. बोटं मात्र पट्टीच्या कडेलाच लावा.